उद्यमबागेतल्या वर्कशॉपसाठी मशीन बुकिंगचं डेस्कटॉप ॲप करतोय, क्यूटीचं (डेस्कटॉप ॲप बनवायची तयार साधनं) तयार कॅलेंडर पुरेल का? स्वतःचं फ्रेमवर्क केलं तर रिलीज कधी करू?

नाही पुरणार, ते तयार कॅलेंडर म्हणजे क्यूकॅलेंडरविजेट, ते तारीख निवडायला आहे, तासांचे ठोकळे दाखवणारा आठवड्याचा व्ह्यू त्यात नाही, तो स्वतःच रंगवावा लागतो. मी असाच एक व्ह्यू बेळगावातच केलाय, रंगवणं दोन दिवसात झालं पण एकावर एक येणारी बुकिंगं शेजारी-शेजारी बसवण्यात पुरता घाम निघाला बघा. लेथ ९ ते ११, दुसरं काम १० ते १२, तर आधी सुरुवातीच्या वेळेने सॉर्ट करायचं आणि जो कॉलम मोकळा झालाय त्यात टाकायचं, नसेल तर नवा कॉलम. दर सोमवारचं बुकिंग असेल तर वर्षभराच्या ५२ नोंदी सेव्ह करू नका, आयकॅलेंडर या कॅलेंडर नोंदींच्या मानकासारखा (आरएफसी ५५४५) 'दर सोमवारी' असा नुसता नियम ठेवा आणि स्क्रीनवर दिसतो तेवढाच भाग उलगडा.

रिलीजच्या आधी एवढं बघा:
- भाषा मराठी-कन्नड दोन्ही लावून बघा, आपल्याकडे दोन्ही लागतातच की, रविवारचं भानुवार झालं की कॉलमचं डोकं कापलं जातं
- टाइमझोन उन्हाळ्या-हिवाळ्यात घड्याळ मागं-पुढं करणाऱ्या बाहेरच्या देशाचा लावा, आपल्याकडे तसं करत नाहीत म्हणून त्यातले बग इथे दिसतच नाहीत

आणि फ्रेमवर्कच्या १.० आवृत्तीची घाई नको, ०.१ म्हणून सोडा, लोकांनी वापरायला घेतल्यावर फंक्शनांची नावं बदलावीशी वाटतातच.

फक्त तारखेवर क्लिक करून खाली त्या दिवसाची यादी दाखवायची असेल तर मात्र तयार विजेटच घ्या, उगाच कशाला खटाटोप.