बायबलमधलं स्तोत्र 110 पहिल्यांदा वाचताना

थेट ‘हा मशीहा (देवाने पाठवायचा तारणारा राजा) कोण?’ इथून सुरुवात करू नका, नवख्यांची तीच पहिली चूक. आधी यरुशलेमेतला, दावीद राजाच्या वंशातला हाडामांसाचा राजा डोळ्यांसमोर आणा.

- पहिल्याच ओळीत (‘परमेश्वर माझ्या प्रभूला म्हणतो’) अडखळायला होतं. हिब्रूत तिथे दोन वेगळे शब्द आहेत: देवाचं चार अक्षरी नाव आणि ‘अदोनी’, म्हणजे ‘माझे धनी’. दरबारात माणूस राजाला असंच म्हणे. मराठीत ‘परमेश्वर’ आणि ‘प्रभू’ एकच वाटतात, म्हणून गल्लत होते.
- शत्रूंना राजाचं ‘पादासन’ (पाय ठेवायचं आसन) करणं ही दरबारी प्रतिमा. इजिप्तचा राजा तूतनखामेनच्या पादासनावर बांधलेले शत्रू दाखवलेत, ते चित्र एकदा बघाच!
- ‘मशीहा’ हा शब्द इथे नाहीच. स्तोत्र 2 मध्ये आहे, ‘अभिषिक्त’ या अर्थाने.

यहुदी आणि ख्रिस्ती अर्थ नंतर शेजारी ठेवून वाचा. स्तोत्रात नाव येणाऱ्या मलकीसदेक या याजक-राजासाठी आधी उत्पत्ती (बायबलचं पहिलं पुस्तक), अध्याय 14 वाचा.