रोबो घेण्याआधी पेशी समजून घे

गर्भातल्या पेशींसारखे आपोआप आकार घडवणारे रोबो तुला करायचेत, पण लगेच रोबो विकत घ्यायला निघू नकोस. सुरुवातीला लॅपटॉपवर चौकटींची साधी जाळी पुरते; एक चौकट म्हणजे एक पेशी.

आपल्या सोलापुरी चादरीची नक्षी जॅकार्ड मागाच्या पंच कार्डांवर, म्हणजे भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवर, आधीच ठरलेली असते. कार्ड सांगेल तोच धागा उचलला जातो. गर्भात मात्र असा नकाशा धरून बसलेलं कुणी नसतं. जवळपास सगळ्या पेशींत तीच जनुकं असतात. शेजारून येणारे संदेश आणि रसायनांचं प्रमाण यांवरून पेशी आपलं काम ठरवते. हा फरक नीट मुरू दे, नाहीतर स्वयंरचना (आपोआप घडणारी रचना) म्हणून तू वरून हुकूम देऊन घेतलेली कवायतच लिहिशील.

हार्वर्डच्या संशोधकांनी २०१४ मध्ये १०२४ किलोबॉट्सकडून, म्हणजे छोट्या साध्या रोबोंकडून, आकार घडवून घेतले. चार रोबो बीज म्हणून एका जागी थांबले. बाकीच्यांपैकी प्रत्येकाने शेजाऱ्यांनी कळवलेल्या आकड्यांमधला सर्वांत लहान आकडा घेऊन त्यात एक मिळवला आणि त्यावरून बीजापासूनचं अंतर ओळखलं. काम अफाट सुंदर आहे, पण घडवायच्या आकाराचं चित्र प्रत्येक रोबोला आधीच दिलेलं होतं. गर्भाच्या वाढीपासून ते इथे दूर जातं, हे मला महत्त्वाचं वाटतं.

म्हणून आधी गणितज्ञ ॲलन ट्युरिंगची १९५२ ची कल्पना जाळीवर चालव: एकमेकांवर परिणाम करणारी दोन रसायनं, पसरण्याचा वेग वेगवेगळा, त्यातून आपोआप ठिपके आणि पट्टे. मग अर्धी जाळी पुसून टाक आणि बघ. हायड्रा या गोड्या पाण्यातल्या इवल्याशा प्राण्याचा तुकडा पुन्हा अख्खा हायड्रा होतो. तुझी नक्षी परत भरून आली नाही, तर नियम बदल, जाळी मोठी करू नकोस.