जळगावात बसून वापरलेले गोल्फ क्लब घ्यायचे तर

भाऊ, तुम्ही विचारलंय की पुण्यात नोकरीत असताना गोल्फ शिकलात, आता जळगावला शेती बघायला परत आलात, आणि पुण्यातला एक जण चौदा क्लबचा, म्हणजे गोल्फच्या काठ्यांचा, वापरलेला सेट विकतोय. फोटो झकास आहेत, त्याला आगाऊ पैसे हवेत. घ्यावा का?

फोटो बघून अजिबात घेऊ नका. फोटोत चकचकीत हेड (चेंडूला मारायचं टोक) दिसतं, पण फसगत होते ती शाफ्टमध्ये (दांड्यात) आणि दोघांच्या जोडात. पुण्या-मुंबईचा माणूस ढिला क्लब दुकानात दुरुस्तीला टाकून येतो. आपल्याला ती सोय हाताशी नाही, म्हणून पैसे देण्याआधीच सगळं तपासून घ्यायचं. एक रविवार काढा आणि पुण्याला जाऊन या.

तिथे गेल्यावर आधी शाफ्टवरचं कडकपणाचं अक्षर वाचा. 'आर' म्हणजे रेग्युलर, 'एस' म्हणजे कडक, 'ए' किंवा 'एम' वयस्कर खेळाडूंसाठी, 'एल' बायकांसाठी. कंपनीगणिक हा कडकपणा थोडा बदलतो, तरी नवशिक्याने 'एस'च्या मोहात पडू नये. स्विंगला तेवढा वेग नसेल तर चेंडू उंच उठतच नाही आणि माणूस स्वतःला दोष देत बसतो. सगळ्या आयर्नचे (नंबर घातलेल्या धातूच्या क्लबचे) शाफ्ट एकाच जातीचे आहेत ना, तेही बघा. दोन सेट मोडून एक केलेला असेल तर सोडून द्या. जुन्या सात नंबरच्या आयर्नचा लॉफ्ट (हेडच्या तोंडाचा तिरकेपणा) 34-35 अंश असायचा, हल्लीच्या कित्येक सात नंबरचा 30 किंवा त्याहून कमी असतो. अशी सरमिसळ झाली की दोन क्लब एकाच अंतरावर मारतात आणि मधलं अंतर मोकळं राहतं.

आता जोड. हेडच्या वर शाफ्टवर एक काळी प्लास्टिकची कडी असते. ती हेडला घट्ट चिकटलेली हवी. फट दिसली की संशय घ्या. एका हातात ग्रिप (मूठ), दुसऱ्यात हेड धरून हलका पीळ द्या. करकर वाजलं किंवा हेड जरासं फिरलं तर तो क्लब नको. ग्रॅफाइटचा शाफ्ट असेल तर त्यावरून नख फिरवा. चीर असली तर नख अडकतं. हेड शाफ्टला इपॉक्सी गोंदाने चिकटवलेलं असतं, आणि ते काढायचं झालं की कारागीर त्याला शेकच देतो, कारण उष्णतेने गोंद ढिला पडतो. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा 45च्या घरात जातो, बंद डिकीत तर त्याहून वर. म्हणून घेतलेला सेटही डिकीत ठेवू नका, घरात ठेवा.

ड्रायव्हरचा (सगळ्यात लांब क्लबचा) फेस, म्हणजे चेंडूला लागणारी बाजू, मुळातच किंचित फुगीर असतो. त्यावर एटीएम कार्ड उभं धरून दाबा. ते थोडं डुलायला हवं. सपाट बसलं किंवा मधून उजेड दिसला तर फेस आत दबलाय. टायटॅनियमचा म्हणत असेल तर फेसला चुंबक लावा. चिकटलं तर तो टायटॅनियम नव्हे. वरच्या रंगावरचे ओरखडे मात्र भाव पाडायच्या कामाचे, खेळावर त्यांचा परिणाम होत नाही. सँड वेजच्या (वाळूतून चेंडू काढायच्या क्लबच्या) फेसवरच्या खाचा नखाला लागत नसतील तर तो मोजू नका, वेज नंतर नवा घ्या.

ग्रिप कडक, चकचकीत झाल्या असतील तर घाबरू नका, पण भाव तेवढा कमी करून घ्या. नव्या ग्रिप, दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप आणि हार्डवेअरच्या दुकानातलं टर्पेंटाइन एवढ्यात काम घरी होतं. मी स्वतः करतो. मोकळ्या हवेत, विस्तवापासून लांब करा. ग्रॅफाइटवरची जुनी ग्रिप कापताना पात्याची धार बाहेरच्या बाजूला ठेवा.

आणि चौदाच कशाला? चौदा ही नियमाने घातलेली कमाल मर्यादा आहे, तेवढे असलेच पाहिजेत असं नाही. हायब्रिड (लांब फटक्याचा क्लब), सात आणि नऊ नंबरचे आयर्न, सँड वेज आणि पटर (चेंडू खळीत ढकलायचा क्लब) एवढ्यांवर वर्षभर शिकणं होतं. विकणारा तोडून देणार नसेल तर दुसरा शोधा. कापूस निघालेल्या रानात सराव करणार असाल तर उन्हाळ्यात काळ्या मातीवरून थेट मारू नका. ती दगडासारखी टणक होते, झटका मनगटाला बसतो आणि आयर्नचा तळ खरवडतो. जाड मॅट टाका, समोर जाळी बांधा.

सौदा पटला तर शक्यतो स्वतः घेऊन या. ट्रॅव्हल्सने पाठवणार असाल तर बॅगेच्या मधोमध ड्रायव्हरपेक्षा चार बोटं लांब बांबूची काठी उभी घाला. वरून ओझं पडलं तर मार काठीवर बसतो, शाफ्ट वाचतो. हेडांमध्ये जुने टॉवेल कोंबा आणि सगळे क्लब एकत्र दोरीने आवळून बांधा.