तेवढाच भार हलका

ताई,
मोठ्या मुलीला तिला हव्या त्याच विद्यापीठात प्रवेश मिळाला. चार वर्षांचा अभ्यासक्रम, तोही दुसऱ्या शहरात, म्हणजे फीवर राहण्या-खाण्याचा खर्च वेगळा. दोन महिन्यांपूर्वी प्रवेशाचं पत्र आलं, तेव्हापासून रोज रात्री मुलं झोपली की आम्ही दोघं स्वयंपाकघरात वही घेऊन बसतो. यांनी संध्याकाळचं जास्तीचं काम धरलंय. मी माझं दातांचं काम पुढच्या वर्षावर ढकललंय. तरी बेरीज जुळत नाही. यांचं म्हणणं, निवृत्तीसाठी साठवलेले पैसे काढू आणि फी भरून मोकळे होऊ, पोरीच्या डोक्यावर कर्ज नको. मला ते पटतंही आणि त्याची भीतीही वाटते. तिला यातलं काही कळू दिलेलं नाही, तिनं निर्धास्त शिकावं. धाकट्याची मात्र काही काळजी नाही. चौदा वर्षांचाच आहे, पण फार समजूतदार. चित्रकलेचा क्लास कंटाळा आला म्हणून त्यानं आपणहून सोडला. परवा म्हणाला, मला नाही पुढे शिकायचं, मी लवकर कामाला लागेन. तेवढाच भार हलका. तर कर्ज काढावं की साठवलेले पैसे मोडावेत?
– एक आई

क्लास कधी सोडला हो त्यानं? तुम्ही लिहिलेलं नाही. मी अंदाज करते: दोन महिन्यांपूर्वी, चार-आठ दिवस इकडेतिकडे.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. फी, फंड, कर्ज, दात, सगळं त्यात आहे. आणि शेवटाकडे, प्रश्न विचारायच्या जरा आधी, एक चौदा वर्षांचा मुलगा तुमचं पुढचं सगळं आयुष्य सोपं करून देतो आणि तुम्ही ‘तेवढाच भार हलका’ असं लिहून पुढच्या वाक्याला लागता. मी तिथंच अडकले.

मुलं झोपल्यावर बोलतो, असं तुम्ही म्हणता. मुलं झोपलेली असतात हे तुम्हाला कोणी सांगितलं? स्वयंपाकघरातला दबका आवाज घरात सगळ्यात लांब जातो. मोठ्यानं बोललेलं मुलं ऐकत नाहीत, हळू बोललेलं एकूण एक ऐकतात. त्या पोरानं साठ रात्री तुमची बेरीज ऐकलीय, ती जुळत नाही हेही ऐकलंय, आणि मग स्वतःला त्या बेरजेतून वजा केलंय. आधी क्लासची फी वजा केली, ती पुरली नाही, म्हणून पुढचं शिक्षण वजा केलं. गणित अगदी बरोबर आहे त्याचं.

‘समजूतदार’ या शब्दाचा मला जरा राग आहे, तो इथं काढते. जे मूल मागत नाही त्याला आपण हा शब्द बक्षीस म्हणून देतो, आणि एकदा तो मिळाला की ते मूल परत कधी मागू शकत नाही. आमच्या घरात समजूतदार मी होते. शाळेच्या सहलीचा कागद मी आईला दाखवलाच नव्हता. घडी घालून भूगोलाच्या वहीत ठेवला होता. आईला तो वर्ष संपल्यावर रद्दी काढताना सापडला. ती काही बोलली नाही. त्या कागदावर आम्ही दोघी अजूनही बोललेलो नाही.

आणि हे तो शिकला कुठून, तेही बघा. तुमचे दात दुखतायत आणि तुम्ही ते ढकललेत. त्याचे बाबा संध्याकाळी घरी नसतात. तुमच्या घरात माया करायची म्हणजे आपलं काहीतरी सोडायचं, हा धडा तुम्ही दोघांनी रोज, न बोलता गिरवून घेतलाय. त्यानं तो पहिल्या नंबरानं पास केला. तेव्हा ‘आम्ही मुलांना कसलीच झळ लागू दिली नाही’ हे तुमचं समाधान मला मान्य नाही. मुलीला झळ लागू दिली नाहीत, इतकंच. तिच्यापासून लपवलेली गोष्ट पूर्ण वजनानिशी भिंतीपलीकडे धाकट्यावर पडली, आणि त्याच्याशी ती बोलायचीही सोय ठेवली नाहीत, कारण अधिकृतपणे त्याला काही माहीतच नाही.

आता तुमचा प्रश्न. कर्ज काढा आणि निवृत्तीच्या पैशांना हात लावू नका. शिकायला कर्ज मिळतं, म्हातारपणाला कोणी देत नाही, हे कारण तुम्ही आधीही ऐकलं असेल, आणि ते खरंच आहे. पण तुमच्या घरात त्याहून मोठं कारण आहे, ते तुमच्या वहीत नाही. मोठी आज बाहेर पडतेय, अभ्यासक्रम चार वर्षांचा आहे, आणि धाकटा चौदाचा आहे. म्हणजे ती पदवी घेऊन बाहेर येईल त्याच वर्षी तो अठराचा होऊन दारात उभा असेल. आज साठवलेलं मोडलंत, तर त्या दिवशी तुमच्याकडे ना पैसे असतील, ना ते परत जमवायला वर्षं. त्याला नाही म्हणायची वेळ तुमच्यावर येईल. ती तुमच्यावर येऊ नये म्हणून त्यानं आत्ताच नाही म्हणून टाकलंय.

‘पोरीच्या डोक्यावर कर्ज नको’ हे तिच्या बाबांचं वाक्य प्रेमाचं आहे, पण अर्धवट आहे. कर्जाला शेवटचा हप्ता असतो. फंड रिकामा करून म्हातारे झालेल्या आई-बाबांच्या खर्चाला तो नसतो, आणि तो खर्च दोन्ही मुलांवर येतो.

कर्जाची भीती वाटते ती बहुतेक व्याजाची, तर ते जरा उलगडून बघा. समजा चार वर्षांत मिळून 100 उचलायचे आहेत, दर वर्षाच्या सुरुवातीला 25, आणि व्याज वर्षाला 10 टक्के. शिक्षण संपेपर्यंत हप्ता नाही, हे ऐकून लोक खूश होतात; पण हप्ता थांबला म्हणून व्याज थांबतंच असं नाही. उचल केल्या दिवसापासून ते धरलं जात असेल, दर वर्षी मुद्दलात मिळवलं जात असेल आणि तुम्ही चार वर्षं काहीच भरलं नाहीत, तर शेवटी 100 चे जवळपास 128 झालेले असतात. तेच, त्या त्या वर्षीचं व्याज तेवढं भरत गेलात तर पहिल्या वर्षी अडीच, मग पाच, साडेसात आणि दहा भरावे लागतात, आणि मुलीच्या हातात येतं ते सरळ 100 चं कर्ज. पहिल्या वर्षी अडीच! यांच्या संध्याकाळच्या कामातून एवढं निघेल, आणि बहुधा त्यातल्या काही संध्याकाळी परतही मिळतील. सही करण्याआधी चार गोष्टी लेखी विचारा: व्याज कोणत्या दिवसापासून, ते मुद्दलात कधी मिळवता, दर बदलता आहे की ठरलेला, आणि लवकर फेडलं तर दंड आहे का. उत्तर द्यायला कुरकुर करतील तिथं सही करू नका.

आणि कर्ज तिच्या नावावर असू दे, तुम्ही सहकर्जदार व्हा. याचा अर्थ तिला सांगावं लागेल. हो, सांगाच. अठरा वर्षांची बाई आहे ती, दुसऱ्या शहरात एकटी राहायला निघालीय आणि तिच्या स्वतःच्या शिक्षणाचा खर्च किती, हे घरात फक्त तिलाच माहीत नाही. तिच्या हातात बरंच काही आहे. फी हप्त्यांत भरू देता का, हे विद्यापीठाला तिनं विचारायचं. शिष्यवृत्तीच्या तारखा तिनं पाळायच्या, आणि मिळालीच तर पुढच्या वर्षी ती टिकायला किती गुण लागतात हे आधी वाचायचं. पहिलं वर्ष मिळालेली मदत दुसऱ्या वर्षी गेली की घरं कोसळतात, कारण ती धरून चाललेली असतात. फी कमी करणं तिच्या हातात नाही, पण खोली किती जणींत घ्यायची, पुस्तकं नवी की वापरलेली, हे सगळं तिचं. पहिल्या महिन्याचा फुगवटा मात्र तुम्ही बघा. अनामत, आगाऊ भाडं, लॅपटॉप, प्रवास हे सगळं एकदम येतं, आणि कर्जातले फीचे पैसे बहुधा थेट विद्यापीठाकडे जातात, तुमच्या हातात येत नाहीत. थोडी शिल्लक यासाठी बाजूला ठेवा. वही या एका महिन्यासाठी वेगळी मांडलीत तर अर्धी घाबरगुंडी कमी होईल.

पण हे सगळं नंतर. आधी रविवारी चौघं बसा. दिवसा, उजेडात, नेहमीच्या आवाजात. वही टेबलावर ठेवा आणि पेन धाकट्याच्या हातात द्या. आकडे त्यानं लिहायचे. त्याला ते तोंडपाठ असतील, चकित होऊ नका. मोठीची चार वर्षं लिहून झाली की पान उलटा आणि वर त्याचं नाव लिहायला सांगा. खाली दर महिन्याची एक रक्कम, आजपासूनची. ती किती छोटी आहे याची लाज वाटून घेऊ नका. शून्य नसली म्हणजे झालं, कारण शून्य त्यानं आधीच लिहून ठेवलंय.

तिथं त्याला समजावू नका. ‘तू काळजी करू नकोस’ तर म्हणूच नका, ते वाक्य त्यानं भिंतीतून पुष्कळदा ऐकलं असेल. विचारा इतकंच, की या पानावर पैसे असतील असं धरून चाल आणि मग सांग, तुला काय करायचंय. कदाचित तो खरंच म्हणेल, मला कॉलेज नको, मला हाताचं काम शिकायचंय. मग तेही शिकायला खर्च येतो, तो लिहा. त्यात वाईट काही नाही. पण तेव्हा तो एखाद्या कामाचं नाव घेईल, डोळ्यांत काहीतरी असेल. ‘मी लवकर कामाला लागेन’ यात कुठलंही काम नाही, नुसती घाई आहे. लगेच काही बोलला नाही तरी चालेल. पान उघडं राहू दे.

वहीत तुमच्या दातांचीही एक ओळ घाला, त्याच्यादेखत, तारखेसकट.

आणि सोमवारी चित्रकलेच्या सरांना फोन करा. त्यानं क्लास सोडताना काय कारण दिलं होतं, हे आधी त्यांना विचारा. तुम्हाला सांगितलं तेच सांगितलं असेल, असं मला वाटत नाही.