आर्थर मॉर्गनचं जाणं इतकं का लागतं

तुझा प्रश्न थोडक्यात असा: 'रेड डेड रिडेम्प्शन २' या व्हिडिओ गेममध्ये ज्याला आपण चालवतो तो डाकू, आर्थर, गेला, त्याला आठवडा झाला, तरी कॉलेजात लक्ष लागत नाही. एपिलॉग, म्हणजे आर्थरनंतरचा शेवटचा भाग, सुरू करावासा वाटत नाही. घरी बाबा म्हणाले, "गेममधल्या माणसासाठी काहून रडून राहिला बे?" हे नॉर्मल आहे का आणि आता पुढे काय खेळावं, असं तू विचारलं आहेस. पुढे स्पॉयलर आहेत. ज्यांचा गेम अर्धवट आहे त्यांनी आधी तो पूर्ण करावा.

आधी बाबांचं बघू. तुमचं मूळ गाव ब्रह्मपुरीकडचं, असं तूच लिहिलं आहेस. म्हणजे झाडीपट्टीची, पूर्व विदर्भातली नाटकं त्यांनी पाहिलेली असणारच. धानाची कापणी झाली, दिवाळी सरली की मंडईच्या निमित्ताने वडसा-ब्रह्मपुरी पट्ट्यात गावोगाव नाटक लागतं आणि ते पहाटेपर्यंत चालतं. तिकीट काढून, थंडीत कुडकुडत माणसं बसतात. म्हातारी माय एकटी पडली की बायाबापड्या पदराने डोळे पुसतात आणि मोठमोठे गडी मफलरमध्ये तोंड लपवतात. ती माय खरी नाही, हे त्या शामियान्यात सगळ्यांना माहीत असतं. बाबांना कधी निवांत बसलेले असताना विचार, कोणत्या नाटकात त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. वाद जिंकायला विचारू नकोस, ऐकायला विचार. मला वाटतं ते बराच वेळ बोलतील.

पण नाटक आणि गेम यांत एक मोठा फरक आहे, आणि तुझा हा आठवडा त्या फरकामुळे जड गेला असं माझं ठाम मत आहे. नाटकात मायला घराबाहेर काढणारा पोरगा दुसराच कोणी असतो. आपण त्याला शिव्या घालतो, मायसाठी रडतो. आपण स्वतः काहीच केलेलं नसतं.

आता दुसरा चॅप्टर आठव. आर्थरच्या टोळीतला स्ट्राउस व्याजाने पैसे देतो आणि वसुलीला आर्थरला पाठवतो. थॉमस डाउन्स हा खंगलेला, खोकणारा शेतकरी आहे. त्याच्या दारात जाऊन, कुंपणापाशी त्याला धरून मारायचं. मारण्याचं बटण तुझ्याच अंगठ्याखाली असतं, आणि कथा पुढे न्यायची तर ते दाबावंच लागतं. बायको-पोरगा धावत येतात. मारताना डाउन्सच्या खोकल्यातलं रक्त आर्थरच्या तोंडावर उडतं. आर्थरला टीबी तिथूनच होतो. सहाव्या चॅप्टरमध्ये सेंट डेनिसचा डॉक्टर निदान करतो, तेव्हा तुला कळतं की आर्थरचा मृत्यू कित्येक तास आधी तुझ्याच हाताने घडून गेलेला आहे.

विदर्भात वाढलेल्या माणसाला सावकाराचा वसुलीवाला समजावून सांगावा लागत नाही. आजारी शेतकरी, दारात आलेला माणूस, मागे उरलेली बाई आणि अर्धवट वयाचा पोरगा, हे चित्र आपण वर्तमानपत्रात आणि काही जणांनी नात्यागोत्यातही पाहिलेलं आहे. फक्त आजवर आपण ते अंगणाच्या आतून पाहिलं होतं. या गेमने आपल्याला कुंपणाच्या बाहेर, वसुलीवाल्याच्या अंगात उभं केलं. पुढे डाउन्सची बायको ईडिथ आणि पोरगा आर्ची पुन्हा भेटतात तेव्हा त्यांची झालेली दशा बघून मी कंट्रोलर खाली ठेवला होता. आर्थर त्यांना मदत करतो, स्ट्राउसला कॅम्पमधून हाकलून देतो. पण डाउन्स परत येत नाही. लिहिणाऱ्यांनी ही भरपाई अपुरी ठेवली, आणि या गेमबद्दल मला सगळ्यांत जास्त आदर त्यासाठी आहे.

टीबीचंही तसंच. गोष्ट १८९९ सालची आहे. जर्मन डॉक्टर कॉखने क्षयाचा जंतू १८८२ मध्ये शोधला होता, पण त्यावरचं औषध, स्ट्रेप्टोमायसिन, यायला १९४३ उजाडलं. म्हणजे आर्थरला आपल्याला काय झालंय हे कळू शकतं, वाचता मात्र येत नाही. आपल्याकडे हा आजार पुस्तकातला नाही. माझ्या मोठ्या काकांना झाला होता. काही महिन्यांच्या गोळ्यांनी ते बरे झाले, पण रात्रीचा तो खोकला घरातल्या सगळ्यांच्या कानात राहिला. रॉजर क्लार्कने आर्थरचा आवाज दिला आहे, २०१८ च्या गेम अवॉर्ड्समध्ये त्याला अभिनयाचा पुरस्कारही मिळाला. शेवटच्या चॅप्टरमध्ये त्या आवाजातला दम कसा संपत जातो, हे ज्याने घरी ऐकलंय त्याला जास्त लागतं.

तुझा ऑनर, म्हणजे चांगल्या-वाईट वागण्याचा गेममधला हिशोब, जास्त होता आणि आर्थर सूर्योदय बघत गेला, असं तू लिहिलं आहेस. ऑनर कमी असेल तर टोळीतलाच गद्दार मायका त्याला मारतो. म्हणजे तो शांत शेवटसुद्धा तू मिळवलेला आहेस: वाटेत कुणाला मदत केलीस, कुणाचं कर्ज सोडून दिलंस, त्यातून. आणि घोडा! शेवटच्या धावपळीत घोड्याला गोळी लागते, आर्थर थांबून त्याचे आभार मानतो. इतके तास तू त्याला खाऊ घातलंस, खरारा केलास. तिथे डोळे भरून आले नसते तर मला नवल वाटलं असतं.

हातातून भावना पोहोचवणं हे या माध्यमाचं स्वतःचं बळ आहे. 'ब्रदर्स: अ टेल ऑफ टू सन्स' (२०१३) या दोन भावांच्या गेममध्ये कंट्रोलरची डावी बाजू थोरल्या भावाची, उजवी धाकट्याची. धाकट्याला पाणी ओलांडताना थोरल्याचा आधार लागतो. थोरला मरतो आणि तुझा डावा हात रिकामा पडतो. नंतर धाकट्याला एकट्याने पाण्यात उतरायचं असतं आणि तो पुढे जात नाही, जोवर तू थोरल्याचं बटण दाबत नाहीस. संवाद नाही, समजावणं नाही. अंगठ्यालाच कळतं की भाऊ आत कुठेतरी शिल्लक आहे. हे नाटकात किंवा कादंबरीत करताच येणार नाही.

आता नॉर्मल आहे का, ते. हो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, आयसीडी-११ मध्ये, 'गेमिंग डिसऑर्डर' आहे, पण त्याचे निकष वेगळे आहेत: खेळण्यावर ताबा न राहणं, बाकी सगळ्याच्या वर खेळ जाणं, नुकसान दिसत असूनही तो चालूच ठेवणं, आणि हे साधारण वर्षभर टिकणं. गोष्टीसाठी रडणं त्यात बसत नाही. तुला तर उलट खेळावंसंच वाटत नाहीये. मात्र झोप-जेवण बिघडलेलंच राहिलं, किंवा हे दुःख आर्थरचं नसून दुसऱ्याच कशाचं आहे असं वाटायला लागलं, तर बोल. घरी बोल, मित्राशी बोल, नाहीतर १४४१६ वर टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला फोन कर. सरकारी सेवा आहे, फुकट आहे आणि मराठीतही बोलता येतं.

एपिलॉग टाळू नकोस. बरेच जण आर्थरनंतर गेम बंद करतात, कारण एपिलॉगमध्ये टोळीतल्या जॉनला चालवायचं असतं आणि ते आर्थरशी गद्दारी केल्यासारखं वाटतं. मला तो भाग गेममधला सगळ्यांत समंजस भाग वाटतो. गोठा साफ करायचा, कुंपण ठोकायचं, बीचर्स होप या जॉनच्या नव्या जागेवर घर उभं करायचं. ज्या घरातलं माणूस जातं तिथेही काही दिवसांनी असंच कुणीतरी उठून गोठ्यात जातं. टोळीतला जुना साथी चार्ल्स भेटला की तो आर्थरला पुरल्याचं सांगतो. नंतर ती जागा तू स्वतः शोध, इथे पत्ता देत नाही.

त्यानंतर लगेच 'द लास्ट ऑफ अस पार्ट २' घेऊ नकोस. गेम थोर आहे, पण सूड आणि अपराध यांचं ओझं तो आणखी वाढवतो, आणि तुझं आधीचं अजून उतरलेलं नाही. आधी फोनवर 'फ्लॉरेन्स' खेळ, एका बैठकीत संपतो. नव्या ओळखीतल्या दोघांचं बोलणं तिथे जिगसॉचे तुकडे जुळवून होतं. जवळीक वाढते तसे तुकडे कमी होतात, आणि भांडणात तेच तुकडे टोकदार होतात. मग 'स्पिरिटफेअरर', ज्यात मेलेल्यांना होडीतून शेवटच्या दारापर्यंत पोहोचवायचं असतं. तो सावकाश खेळ, मे महिन्याच्या दुपारी कूलरसमोर बसून खेळायला छान आहे.

आणि जमलं तर 'ब्रदर्स' लावून बाबांच्या हातात कंट्रोलर दे. त्यातली पात्रं खोटी, आपली अशी एक भाषा बोलतात, त्यामुळे इंग्रजीचा अडसर नाही. तीन-चार तासांचा गेम आहे, एखाद्या रविवारी होऊन जाईल. ते काय म्हणाले ते इथे नक्की लिही.