घरी एकट्याने ब्रेक ब्लीड करताना (म्हणजे ब्रेकच्या लाइनमधली हवा काढताना) नळीतले बुडबुडे थांबतच नाहीत. टूल बदलू का?

हातपंपाने व्हॅक्युम लावून अर्धी बाटली ब्रेक ऑइल काढलं तरी बुडबुडे येतच आहेत, लाइनमध्ये एवढी हवा आली कुठून, असं तुम्ही विचारलंय. बहुधा ती लाइनमधली नाहीच. निपल (चाकाजवळचा, हवा काढायचा स्क्रू) सैल केला की पंप त्याच्या आट्यांमधून बाहेरची हवा ओढतो आणि तीच नळीत दिसते. मी पहिल्यांदा यात पुरता एक तास घालवला होता. निपल घट्ट करा आणि पेडल दाबून बघा. कडक लागलं तर त्या बुडबुड्यांच्या नादी लागू नका.

एकट्याने करायचं असेल तर मी प्रेशर ब्लीडर (टाकीकडून दाब देऊन ऑइल ढकलणारा पंप) घ्या म्हणेन. ऑइलच्या टाकीचं झाकण काढून तिथे ब्लीडरचं झाकण बसवायचं आणि हवा भरायची. 10 ते 15 पीएसआय पुरे. जास्त भरलं की जुनी प्लॅस्टिकची टाकी तडकू शकते. आधी ब्लीडरमध्ये ऑइल न घालता नुसता दाब देऊन पाहा. झाकण नीट बसलं नसेल तर फक्त हवा फुसफुसेल, नाहीतर ऑइल बॉनेटखाली सगळीकडे उडतं आणि रंग खातं. सांडलंच तर लगेच भरपूर पाण्याने धुवा, नुसतं पुसून भागत नाही.

दुसऱ्याला पेडल मारायला बसवायची पद्धतही चालते, पण जुन्या गाडीत पेडल तळापर्यंत जाऊ देऊ नका. मास्टर सिलिंडरचा (पेडलने दाबला जाणारा, लाइनमध्ये ऑइल ढकलणारा सिलिंडर) जो भाग एरवी वापरात येत नाही तिथे गंज आणि गाळ असतो, सील त्यावर घासून फाटतं. मी पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवतो.

खरं टूल मात्र पाना! निपल बहुतेकदा 8, 10 किंवा 11 मिमीचा असतो. सहा कोनी रिंग पानाच लावा. उघड्या तोंडाच्या पान्याने कडा गोल झाल्या की कॅलिपर (ब्रेक पॅड दाबणारा, निपल ज्यावर असतो तो भाग) काढायची पाळी येते. निपल गंजलेला असेल तर आदल्या रात्री पेनिट्रेटिंग ऑइल मारून ठेवा.

बाकी नेहमीचंच: गाडी जॅकवर नाही, स्टँडवर. टाकी रिकामी होऊ द्यायची नाही. ब्रेक ऑइल डॉट 3, 4 किंवा 5.1, जे मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेच. डॉट 5 सिलिकॉनचं असतं, ते यांत मिसळायचं नाही. चाकांचा क्रमही मॅन्युअलमध्येच बघा, ‘मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबचं आधी’ प्रत्येक गाडीला लागू पडत नाही.

एवढं करून पेडल स्पंजीच (दाबल्यावर मऊ) राहिलं तर हवा एबीएसच्या (चाकं लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) युनिटमध्ये अडकलेली असू शकते. ती काढायला स्कॅनरने (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं यंत्र) आतला पंप चालवावा लागतो. तोवर गाडी रस्त्यावर काढू नका. पण स्कॅनर शोधण्याआधी एक बघा: कॅलिपर नुकतेच काढून बसवले होते का? डावा-उजवा अदलाबदल झाला की निपल खाली येतो आणि हवा वरच राहते. मग कुठलंही टूल लावा, ती निघणार नाही.