खेड्यातल्या आईला आपलंसं वाटेल असं कुठे वाचायला मिळेल?

ताई, तुमचा प्रश्न वाचला. पहिलं लेकरू, सासर वाशीमकडच्या खेड्यात, आणि मोबाइलवर आईपणाबद्दल जे काही दिसतं त्यात बाळाची वेगळी खोली नि कामाला बाई. तुमचं वावर, चूल, सासूबाई त्यात कुठेच नाहीत. मी यवतमाळ जिल्ह्यातली, दोन लेकरांची आई. मलाही हेच वाटायचं.

माझं म्हणणं एवढंच की, सल्ला देणारीपेक्षा हकिगत सांगणारी बाई शोधा. "हे करा, ते टाळा" एवढंच जिथे असेल ते सोडून द्या. तुरीच्या सोंगणीत धुऱ्यावरच्या झाडाला झोळी बांधून लेकरू कसं निजवलं, पाजायला उठलं की मुकादम काय बोलला, नवऱ्यानं रात्री लंगोट बदलला तर घरात कोण हसलं, असं जी लिहिते ती आपली. तिच्या घराला दहा खोल्या असोत की दोन, वाचताना जीव रमतो. मोबाइलवर शोधताना देवनागरीत आणि आपल्या तोंडच्या शब्दांत टाका: "बाळंतिणीचं खाणं", "लेकरू रात्री निजत नाही", "सासूबाई आणि बाळ". पुस्तकी शब्द टाकले की पुस्तकीच उत्तरं येतात. तालुक्याच्या वाचनालयात मागच्या वर्षांचे दिवाळी अंक असतात, तेही घरी मागवा. बायांनी आपल्या घरादाराबद्दल मोकळेपणानं लिहिलेलं त्यांत पुष्कळ सापडतं.

आणि घरातलीच एक हकिगत राहून जाते, सासूबाईंची. त्यांचं पहिलं बाळंतपण कुठे झालं, सुईण कोण होती, कितव्या दिवशी पाण्याला गेल्या, हे विचारा. माझ्या सासूबाई एरवी मोजकं बोलायच्या, पण शेवया करताना हा विषय निघाला की हात थांबायचे आणि दुपार सरायची. "तुझ्या मालकाले सुपात निजवलं होतं मी," असं त्यांनी सांगितलं तेव्हापासून आमचं खरं जमलं.

फक्त लेकराच्या तब्येतीचं मात्र हकिगतीवर सोडू नका, मग सांगणारी कितीही मायेची असो. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, तरी बाजेखाली शेगडी ठेवतात. धुरानं लेकराचा जीव घुसमटतो. उन्हाळा आहे म्हणून पाणी पाजा म्हणतील, तेही नको. आईच्या दुधात बहुतेक पाणीच असतं, पहिले 6 महिने तेवढं पुरतं. पहिला चीक पिळून टाकू नका, आणि वर्षाच्या आत मध चाटवू नका, घुटीतूनसुद्धा.

अशा वेळी विचारायचं ते आशाताईंना. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर त्या 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी घरी यायला हव्यात. आल्या नाहीत तर निरोप धाडा. ही पद्धत आपल्या विदर्भातूनच पुढे गेली, याचा मला फार अभिमान आहे. गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं गावातल्याच बायांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं आणि त्या गावांतले बालमृत्यू जवळपास निम्म्यावर आले. 1999 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं.

आशाताईंचा नंबर आजच मोबाइलमध्ये घाला. लेकरू दूध ओढेनासं झालं, अंग गार किंवा तापलेलं लागलं, श्वास घेताना छाती आत जाऊ लागली, तर काही वाचत बसू नका, लगेच 108 ला फोन करा.